विश्रांतीसाठी घेतलेले घर

पेन्शनीत निघाल्यावर कुठेतरी शांत गावी जाऊन राहावे, हा बेत आपल्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी केलेला असतो. गाव फार मोठे नको, पण अगदी आडबाजूलाही नको. हवा चांगली असावी, जमल्यास समुद्र दिसावा, दारात चार झाडे असावीत, डॉक्टर हाकेच्या अंतरावर असावा आणि मुलांना रजेत येऊन जाता यावे. संध्याकाळी ओसरीवर आरामखुर्ची टाकून बसावे आणि आयुष्यभर राहून गेलेले वाचन पुरे करावे. बहुतेकांचा हा बेत कागदावरच राहतो. थोड्यांचा पुरा होतो, आणि त्यांतल्याही काहींना दोन महिन्यांतच ती आरामखुर्ची टोचू लागते.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला एका फ्रेंच चित्रकारावर असाच बेत करण्याची वेळ आली. साठी उलटलेली, नाव झालेले, हाताशी पैसा आलेला आणि नेमके तेव्हाच हाताने असहकार पुकारलेला. डॉक्टरांनी पॅरिसची थंडी सोडून दक्षिणेच्या उन्हात राहायला सांगितले. त्याने शोधाशोध करून भूमध्य समुद्राच्या काठचे एक झोपाळू गाव निवडले, तिथे घर बांधले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिला. गावाचे नाव कान्य-सुर-मेर आणि चित्रकाराचे नाव पिएर-ओग्युस्त रेन्वार. चित्रपट महोत्सवासाठी प्रसिद्ध असलेले कान हे गाव याच किनाऱ्यावर आहे. पण ते वेगळे आणि हे वेगळे. त्या झगमगाटाशी आपल्या गोष्टीचा संबंध नाही.

रेन्वारचे नाव घेतले की डोळ्यांपुढे येतात ती हसरी, गुबगुबीत गालांची माणसे. झाडांतून झिरपणाऱ्या उन्हाच्या कवडशांत नाचणारी जोडपी, नदीकाठी जेवणानंतर रेंगाळलेली मित्रमंडळी, पियानोवर बसलेल्या मुली. ही चित्रे पाहताना वाटते की, या माणसाच्या वाट्याला दुःख असे आलेच नसावे. म्हणून त्याच्या आयुष्याची शेवटची सोळा-सतरा वर्षे जाणून घ्यायला हवीत.

रेन्वारचा जन्म २५ फेब्रुवारी १८४१ रोजी लिमोझ या गावी झाला. हे गाव चिनीमातीच्या भांड्यांसाठी नावाजलेले. वडील शिंपी, आई शिवणकाम करणारी. मुलगा लहान असतानाच हे कुटुंब पोटापाण्यासाठी पॅरिसला आले. तेरा वर्षांचा झाल्यावर पोराला चिनीमातीच्या भांड्यांवर फुले आणि चेहरे रंगवणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला घातले. त्याचा हात पाहून तिथले लोक चकित झाले. पण काही वर्षांतच यंत्राने ठसे उमटवण्याची युक्ती निघाली आणि हाताने रंगवणाऱ्या कारागिरांची गरज संपली. मग त्याने पंखे रंगवले, पडदे रंगवले आणि त्यातून साठवलेल्या पैशांवर चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले. मोने, सिस्ले, बाझीय हे मित्र त्याला तिथेच ग्लेअरच्या स्टुडिओत भेटले.

१८७४ मध्ये या मित्रांनी आणि देगा, पिसारो, सेझान वगैरेंनी मिळून पॅरिसमध्ये स्वतःचे प्रदर्शन भरवले. लोक बघायला आले ते बहुतांशी हसायला. टीकाकारांनी टिंगलीने ठेवलेले इम्प्रेशनिस्ट हे नाव पुढे याच मंडळींनी मिरवले. पण टिंगलीवर पोट भरत नाही. रेन्वारला पस्तिशी-चाळिशीपर्यंत रंगांच्या पैशांचीही भ्रांत असे. १८७९ मध्ये शार्पांतिए या प्रकाशकाच्या पत्नीचे आणि मुलांचे चित्र सरकारी प्रदर्शनात वाखाणले गेले आणि मग हळूहळू श्रीमंत घरांची कामे येऊ लागली. द्युराँ-र्युएल नावाचा एक जिद्दी चित्रविक्रेता पाठीशी उभा होताच.

याच सुमारास त्याला अलीन शारिगो भेटली. अलीन पूर्व फ्रान्समधल्या एस्वा या खेड्यातली, शिवणकाम करून पोट भरणारी मुलगी. नदीकाठच्या जेवणाच्या त्याच्या प्रसिद्ध चित्रात डाव्या कोपऱ्यात एक तरुणी हॅट घालून छोट्या कुत्र्याशी लाडीगोडी करते आहे, तीच ही अलीन. १८८५ मध्ये थोरला मुलगा पिएर झाला, १८९० मध्ये दोघांनी रीतसर लग्न केले, १८९४ मध्ये जाँ आणि १९०१ मध्ये धाकटा क्लोद जन्मला. क्लोदला घरात सगळे कोको म्हणत. त्याच्या जन्माच्या वेळी रेन्वार साठ वर्षांचा होता.

सगळे स्थिरस्थावर होत असताना दुखणे आले. पन्नाशीच्या सुमारास सांधे धरू लागले होते. १८९७ च्या उन्हाळ्यात एस्वाला असताना तो सायकलवरून पडला आणि उजवा हात मोडला. हाड जुळले, पण घरच्यांच्या आठवणीत दुखण्याची सुरुवात त्या पडण्याशी कायमची जोडली गेली. खरे तर तो आमवात होता, आजचे डॉक्टर ज्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो. १९०३ नंतर त्याने उग्र रूप धरले. बोटे आत वळू लागली, मनगटे आखडली, खांदे-गुडघे-पावले एकामागून एक गेली. त्या काळी या रोगावर धड औषध नव्हते. कॉर्टिझोनचा पहिला प्रयोग व्हायला १९४८ साल उजाडायचे होते. डॉक्टरांच्या हाती होते ते शेक, झऱ्यांच्या गरम पाण्याची स्नाने आणि हवापालट.

म्हणून गावाचा शोध सुरू झाला. दक्षिण फ्रान्स रेन्वारला नवा नव्हता. १८८२ मध्ये मार्सेयजवळच्या लेस्ताक या गावी तो सेझानकडे उतरला असताना न्यूमोनियाने आजारी पडला होता आणि सेझानने, त्याच्या आईने त्याची मनापासून शुश्रूषा केली होती. आता मात्र मुक्काम कायमचा करायचा होता. अत्तरांसाठी प्रसिद्ध असलेले डोंगरातले ग्रास पाहून झाले, कानच्या डोक्यावरचे ल कान्ने पाहून झाले. प्रत्येक ठिकाणी एखादा हिवाळा काढायचा, सांधे काय म्हणतात ते पाहायचे आणि पुढल्या वर्षी दुसरे गाव. उन्हाळा मात्र एस्वाला किंवा पॅरिसला.

१९०३ मध्ये हे बिऱ्हाड कान्यला आले. नीस आणि आंतीब या दोन शहरांच्या मध्ये, समुद्रापासून थोडे आत, एका टेकडीला बिलगून जुने गाव. माथ्यावर ग्रिमाल्दी घराण्याचा जुना गढीवजा वाडा, त्याच्याभोवती एकमेकांवर रेललेली दगडी घरे, खाली भाजीचे मळे आणि संत्र्यांच्या बागा, काठावर कोळ्यांची वस्ती. मागे आल्प्स पर्वताच्या रांगा असल्यामुळे उत्तरेचा बोचरा वारा अडतो. गावात रेल्वे येत होती, म्हणजे पॅरिसहून कॅनव्हास आणि रंग मागवता येत होते आणि मित्रांना येता येत होते. पण नीसला हिवाळ्यात जमणारे राजेरजवाडे आणि बड्या हॉटेलांचा तामझाम इथे नव्हता. गावकरी आपापल्या कामात असत. एका आजारी म्हाताऱ्याकडे टक लावून बघायला त्यांना सवड नव्हती. रेन्वारला हेच हवे होते.

सुरुवातीला त्याने पोस्टाच्या इमारतीतले बिऱ्हाड भाड्याने घेतले. काही वर्षे तिथेच गेली. भाड्याच्या घरातच आयुष्य काढले असते तरी त्याची तक्रार नव्हती. पण १९०७ मध्ये एक अडचण उभी राहिली. गावाच्या समोरच्या टेकडीवर ले कोलेत नावाचे शेत होते. त्यात एक जुने कौलारू शेतघर आणि शेकडो वर्षांची ऑलिव्हची झाडे. रेन्वार तिथे अधूनमधून चित्रे काढायला जात असे. ही जमीन विकली जाणार, नवा मालक झाडे तोडणार, असे कानावर आले. जाँने पुढे लिहिलेल्या आठवणींत म्हटले आहे की, त्या लाकडापासून सहलीला येणाऱ्यांसाठी आठवणीदाखल वस्तू करून विकण्याचा बेत होता. तीनशे-चारशे वर्षे वाढलेल्या झाडांची गत ही व्हावी, हे रेन्वारला सोसवले नाही. २८ जून १९०७ रोजी त्याने ते शेत विकत घेतले.

आपण घर घेतो आणि मग दारात झाडे लावतो. या माणसाने झाडांसाठी जमीन घेतली आणि नाइलाजाने तिथे घर बांधले. योगायोग असा की, ज्या शार्पांतिए कुटुंबाच्या चित्राने त्याचे दिवस पालटले होते, ते चित्र त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने विकत घेतले.

घर कसे असावे यावर नवरा-बायकोत मतभेद होतेच. रेन्वारला ते जुने शेतघर जसेच्या तसे हवे होते, कारण त्याला ते रंगवायचे होते. अलीनला व्यवहार दिसत होता. चार पायऱ्या चढतानाही ज्याचा जीव मेटाकुटीला येतो त्याला त्या ओलसर शेतघरात कसे ठेवायचे? अखेर दोघांचे राहिले. शेतघराला हात लावला नाही, आणि थोडे वरच्या अंगाला दगडी भिंतींचे, मोठ्या खिडक्यांचे, ऊब आणि नळाचे पाणी असलेले प्रशस्त घर उभे राहिले. १९०८ च्या शरद ऋतूत कुटुंब तिथे राहायला गेले. खिडकीतून समोर जुने कान्य, उजव्या-डाव्या अंगाला डोंगर आणि समुद्र दिसत असे. अलीनने भाजीपाला लावला, कोंबड्या पाळल्या, संत्र्यांची निगा राखली. झाडांची ऑलिव्हे घाण्यावर जाऊन घरचे तेल येऊ लागले. खेड्यातून आलेल्या त्या बाईला इतक्या वर्षांनी पुन्हा माती हाताला लागली होती.

झाडांच्या बाबतीत रेन्वारचे नियम कडक होते. फांद्या फार छाटायच्या नाहीत, वाटेवरचे गवत खुडायचे नाही. ऑलिव्हचे झाड रंगवणे त्याला सगळ्यांत कठीण वाटे. पाने धड हिरवी नाहीत, धड रुपेरी नाहीत, वाऱ्याची झुळूक आली की अख्ख्या झाडाचा रंग फिरतो. त्या झाडांच्या मध्येच लाकूड आणि काचेचा एक छोटा स्टुडिओ उभारला गेला. उजेड कमी-जास्त करण्यासाठी पडदे होते. पाऊसवारा आला तरी उघड्यावर बसल्यासारखे काम करता यावे, ही सोय.

म्हणजे विश्रांतीसाठी घेतलेल्या घरात पहिली सोय झाली ती कामाची. इथून पुढचा हिशेब असा की, दर वर्षी शरीर एक-एक गोष्ट काढून घेई आणि घर तिच्या जागी काहीतरी युक्ती करून देई. सुरुवातीला तो सकाळी कामाला बसण्यापूर्वी चामड्याचे तीन छोटे चेंडू हवेत फेकून झेलत असे, बोटे आखडू नयेत म्हणून. चेंडू झेलता येईनात तेव्हा लाकडाचा गुळगुळीत तुकडा उडवून पकडू लागला. एक काठी पुरेना म्हणून दोन आल्या, मग कुबड्या आणि अखेर चाकांची खुर्ची. बागेत जायचे तर बांबू लावलेल्या खुर्चीतून, पालखीसारखे, दोघे जण उचलून नेत. मोठे चित्र रंगवताना उठून उभे राहता येत नसे, तेव्हा कॅनव्हास रुळांवर गुंडाळता येईल असा ईझल तयार झाला. चित्राचा जो भाग रंगवायचा तो फिरवून त्याच्या हातासमोर आणायचा. रंगांची पाटी गुडघ्यांवर टेकवायची.

त्याच्या हातांविषयी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते की, ब्रश त्याच्या मनगटाला बांधलेला असे. ती तितकीशी खरी नाही. बोटे तळव्याकडे इतकी वळली होती की, ब्रशच्या दांड्याने कातडी सोलवटून निघे. म्हणून तळव्यात मऊ कापडाची पट्टी गुंडाळत आणि मग ब्रश त्या आखडलेल्या बोटांच्या चिमटीत खोचून देत. एकदा धरला की तो स्वतःच रंगवी. १९१५ मध्ये साशा गित्री या तरुण नाटककाराने फ्रान्समधल्या नामवंतांवर मूकपट काढला, त्यात रेन्वारचीही काही दृश्ये आहेत. हाडकुळा, टोपी घातलेला म्हातारा खुर्चीत बसला आहे, शेजारी चौदा वर्षांचा कोको उभा आहे आणि तो वडिलांच्या हातात ब्रश देतो आहे. मनगट जेमतेम हलते, पण खांद्यातून येणारा फटकारा नेमका जागी पडतो. मध्येच म्हातारा सिगारेट ओढतो आणि काहीतरी बोलतो. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि त्याला मात्र त्याचे काहीच नाही.

आपल्याकडे घरात एखादे अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर त्याच्याभोवती किती जणांचे दिवस फिरतात, हे वेगळे सांगायला नको. कान्यच्या या घरातही तेच होते. त्याला सकाळी उठवणे, पट्ट्या बदलणे, कपडे चढवणे, खुर्चीत बसवणे, ब्रश धुणे, रंगांच्या नळ्या पिळणे ही सगळी कामे घरातल्या बायका करत. त्यांत अलीनची नात्यातली गाब्रिएल होती. जाँच्या जन्माच्या वेळी सोळाव्या वर्षी ती मुलाला सांभाळायला म्हणून आली आणि वीसेक वर्षे राहिली. चित्रांतून तीच शेकडो वेळा दिसते, कधी मुलाला खेळवताना, कधी गुलाब हातात धरून. अलीनला स्वतःला मधुमेह होता, पण पाहुणे, जेवणावळी, शेत, मुलांच्या शाळा आणि नवऱ्याचे दुखणे यांचा गाडा तीच ओढत होती. रेन्वारच्या वाट्याची शांतता अशी अनेकांच्या कष्टांतून निर्माण झालेली होती. चरित्रे लिहिताना ही गोष्ट पुष्कळदा एका ओळीत उरकली जाते. ले कोलेतच्या त्या मोठ्या खिडक्या कोण पुसत होते, हे लक्षात ठेवलेले बरे.

१९१२ मध्ये दुखण्याने उचल खाल्ली आणि पायांतली उरलीसुरली ताकद गेली. जाँने आपल्या पुस्तकात सांगितलेली त्या काळातली एक हकीकत या सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. हितचिंतकांनी व्हिएन्नाच्या एका डॉक्टरांना बोलावले. त्यांनी आहार ठरवून दिला, व्यायाम ठरवून दिला आणि काही आठवड्यांनी एके दिवशी रेन्वारला खुर्चीतून उभे राहायला सांगितले. घरचे सगळे जमलेले. तो उठला. डॉक्टरांनी आधाराचा हात काढून घेतला. दोन वर्षे एकही पाऊल न टाकलेला माणूस ईझलला वळसा घालून चालत परत खुर्चीपाशी आला. सगळ्यांना आनंदाने भरून आले.

रेन्वार मात्र उभ्याउभ्याच म्हणाला की, मी आता चालणे सोडून देतो. चालायला माझी सगळी इच्छाशक्ती लागते, मग चित्रासाठी काही उरत नाही. दोन्हींतले एकच निवडायचे असेल तर मी चित्र निवडतो. असे काहीसे सांगून तो खाली बसला. त्यानंतर तो पुन्हा कधी चालला नाही.

या निर्णयाला कोणी वेडेपणा म्हणेल. त्या डॉक्टरांना काय वाटले असेल ते असो. पण थोडा विचार केला की त्यातला हिशेब कळतो. त्याच्याजवळ शक्तीची ठेव थोडीच उरली होती आणि ती कुठे खर्च करायची हे त्याने ठरवले. उरलेली सात वर्षे तो हा हिशेब सांभाळत राहिला.

त्या सात वर्षांत काय काय झाले! व्होलार या चित्रविक्रेत्याच्या डोक्यात आले की, रेन्वारने शिल्पे करावीत. ज्याला ब्रश धरवत नाही त्याने माती काय मळायची? व्होलारने रिशार गिनो नावाचा तरुण शिल्पकार कान्यला पाठवला. १९१३ पासून जवळजवळ पाच वर्षे दोघांनी मिळून काम केले. रेन्वार खुर्चीत बसून काठीच्या टोकाने दाखवी, रेखाटने देई, मान हलवी आणि गिनोचे हात माती घडवत. हाती सफरचंद घेतलेली व्हीनसची उभी मूर्ती, कपडे धुणारी भरदार बाई अशी शिल्पे त्यातून निर्माण झाली. बरीच वर्षे ती एकट्या रेन्वारच्या नावावर होती. अखेर गिनोने कोर्टाची पायरी चढली आणि १९७३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला सहनिर्माता ठरवले. त्या घरातल्या निदान एका मदतनीसाच्या कष्टांची रीतसर नोंद झाली ती अशी.

मग युद्ध आले. १९१४ मध्ये पिएर आणि जाँ दोघेही आघाडीवर गेले आणि दोघेही जबर जखमी झाले. जाँच्या पायाला गोळी लागली, पाय कापण्याची वेळ आली. अलीन आजारी अंगाने प्रवास करत त्याच्या इस्पितळात जाऊन पोहोचली. जाँचा पाय वाचला. ती परत आली ती खचूनच. २७ जून १९१५ रोजी नीसमध्ये तिचे निधन झाले. वय अवघे छप्पन्न. ज्याच्यासाठी हा सगळा संसार दक्षिणेत हलवला तो मागे राहिला आणि सांभाळणारी पुढे गेली.

त्या काळात रेन्वारने काढलेली चित्रे पाहिली तर त्यांत युद्ध नाही, मृत्यू नाही, दुखणे नाही. लाल-नारिंगी रंगांत न्हालेल्या स्त्रिया, गुलाब, उन्हात विरघळणारी झाडे. ही चित्रे सगळ्यांनाच आवडतात असे नाही. आकृती फार स्थूल, रंग फार लाल, असे म्हणणारे जाणकार तेव्हाही होते आणि आजही आहेत. पण मातीससारख्या पुढच्या पिढीच्या चित्रकाराला ती मोलाची वाटली. १९१७ च्या अखेरीस मातीस नीसला राहायला आला आणि पुढच्या काळात अनेकदा कान्यला जाऊन म्हाताऱ्याजवळ बसला. इतक्या यातना सोसून रंगवता कशाला, असे त्याने विचारल्यावर, वेदना निघून जाते आणि सौंदर्य मागे उरते, अशा अर्थाचे उत्तर मिळाले, असे सांगितले जाते. उत्तर शब्दशः हेच असेल-नसेल, पण म्हाताऱ्याचा दिनक्रम तरी तेच सांगत होता.

१९१८-१९ मध्ये त्याने दोन स्नान करणाऱ्या स्त्रियांचे मोठे चित्र पुरे केले. तो त्याला आपल्या साऱ्या शोधाचा शेवट वाटत होता. त्यासाठी बसलेली तांबूस केसांची आंद्रे ही तरुणी पुढे जाँची पत्नी झाली आणि मूकपटांची नायिका म्हणून गाजली. १९१९ मध्ये, अखेरच्या पॅरिसवारीत, त्याला लूव्र संग्रहालयातून खुर्चीवर बसवून फिरवण्यात आले. त्याच्याच हातचे मादाम शार्पांतिए हिचे एक व्यक्तिचित्र सरकारने स्वीकारले होते. पोरवयात याच लूव्रमध्ये तो जुन्या चित्रांच्या नकला करायला जात असे. शिंप्याच्या मुलाचा वळसा असा पुरा झाला.

हिवाळ्यात तो कान्यला परतला. फुप्फुसाला सूज आली. अंथरुणातूनही त्याने ॲनिमोनीची फुले रंगवायला घेतली आणि आपल्याला आता कुठे थोडे थोडे समजू लागले आहे, असे काहीसे बोलून ब्रश परत दिला, अशी घरच्यांची आठवण आहे. ३ डिसेंबर १९१९ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी त्याचा अंत झाला. १९२२ मध्ये त्याच्या आणि अलीनच्या अस्थी एस्वाच्या मातीत नेण्यात आल्या. दक्षिणेत ऊन होते, पण अलीनचे घर तिकडे होते.

मुलांनी ते स्नान करणाऱ्या स्त्रियांचे चित्र १९२३ मध्ये राष्ट्राला दिले. आता ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. जाँ मोठा चित्रपट दिग्दर्शक झाला. आपल्या देशाशी या घराचा धागा जुळतो तो त्याच्यामुळे. १९४९-५० मध्ये तो 'द रिव्हर' या चित्रपटासाठी बंगालमध्ये आला, गंगेच्या काठी राहिला. त्याला जागा दाखवत हिंडणारा एक उंच तरुण होता, सत्यजित राय. कॅमेरा चालवत होता पिएरचा मुलगा क्लोद, म्हणजे आपल्या चित्रकाराचा नातू. आजोबांनी ऑलिव्हच्या पानांतून पाहिलेला प्रकाश नातू हुगळीच्या पाण्यावर शोधत होता म्हणा ना!

ले कोलेतची जागा १९६० मध्ये नगरपालिकेने घेतली आणि तिथे संग्रहालय केले. कान्य आता पूर्वीसारखे झोपाळू राहिलेले नाही. नीसचा विमानतळ जवळ आला आणि खालच्या गावात इमारती उठल्या. पण टेकडीवरच्या त्या वळणात शिरले की गोंगाट मागे राहतो. रेन्वारचे घर, त्याची चाकांची खुर्ची, त्याचा ईझल आणि त्याची काही चित्रे तिथे बघायला मिळतात. जुने शेतघर उभे आहे. आणि ती ऑलिव्हची झाडे, ज्यांच्यासाठी जमीन घेतली ती, वेड्यावाकड्या बुंध्यांची, आजही तिथे आहेत. त्यांच्या सावलीत बसायला बाके आहेत.

पुढे-मागे कोणी आपल्यापैकी त्या बाजूला सहलीला गेलेच तर एक दिवस तिथे मोकळा ठेवावा. यादीतली ठिकाणे भराभर उरकण्याचा हा दिवस नव्हे. एका झाडाखाली बसून वाऱ्यावर पानांचा रंग कसा फिरतो ते पाहावे. जाता येणार नसेल तरी काही बिघडत नाही. आपल्या घरातही एखादे दुखरे, थकलेले माणूस खिडकीपाशी बसलेले असते. त्याला आराम कर, आराम कर असे आपण दिवसातून दहा वेळा सांगतो. त्याऐवजी एकदा विचारून बघावे की, तुझ्याजवळ उरलेली ताकद तुला कशासाठी वापरायची आहे? आणि मग त्या कामासाठी त्याच्या खुर्चीची दिशा बदलून द्यावी.